रॉकेलमधला सोडिअम, डब्यातला पापडखार

पुण्यातल्या आमच्या महाविद्यालयात सरांनी रॉकेलच्या बाटलीतून सोडिअमचा तुकडा चिमट्याने काढला, टिपकागदावर टिपला आणि साध्या सुरीने वडी पाडावी तसा कापला. कापलेली बाजू चांदीसारखी चकाकली आणि पाहता पाहता काळवंडली. मग मुगाएवढा कण फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणारा दर्शक, घातलेल्या पाण्यात पडताच वितळून त्याची गोळी झाली आणि गुलाबी रेघ मागे सोडत ती फिसफिसत पाण्यावर धावू लागली. फिसफिस हायड्रोजनची होती. गुलाबी रंग पाण्यात तयार झालेल्या सोडिअम हायड्रॉक्साइडमुळे, म्हणजेच कॉस्टिक सोड्यामुळे आला होता.

या आक्रस्ताळेपणाचे मूळ अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतील एकुलत्या एका इलेक्ट्रॉनमध्ये आहे. सोडिअमच्या कुटुंबात, म्हणजे अल्कली धातूंत, लिथिअमकडून सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम आणि सीझिअमकडे जावे तसतसा तो केंद्रकापासून दूर जातो आणि अधिक सहज सुटतो. धातूचे बंधही सैल होत जातात, म्हणून सोडिअम ९८ अंश सेल्सिअसला वितळतो, तर सीझिअम २८.५ अंशांना, एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी तो बंद कुपीत द्रवरूपच सापडेल. लिथिअमची अडचण वेगळी आहे. तो इतका हलका, की रॉकेलवरही तरंगतो आणि हवेपासून झाकलेला राहत नाही.

हे धातू निसर्गात मोकळे सापडत नाहीत ते इलेक्ट्रॉन असा सहज सुटत असल्यामुळेच. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वितळलेल्या हायड्रॉक्साइडांतून वीज सोडून पोटॅशिअम व सोडिअम वेगळे केले. उलट, इलेक्ट्रॉन एकदा गेला की उरलेला विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, कमालीचा शांत असतो. तसा नसता तर मीठ जिभेवर ठेवण्याची कुणाची छाती झाली नसती! खायचा सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघते आणि मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडिअम कार्बोनेट, उरतो. पापड हलका होतो तो पापडखारातील अशाच कार्बोनेट क्षारांच्या करामतीने.

बॅटरीत लिथिअमचा हलकेपणा कामी येतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातील केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेले सोडिअम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. सोडिअमचा आयन मोठा आणि जड असल्याने त्याच वजनात साधारणतः कमी ऊर्जा साठते. मात्र सोडिअम मिठातूनही मिळतो, आणि ऋणाग्रासाठी, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकासाठी, तांब्याच्या पत्र्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनिअम चालते. त्यामुळे स्कूटरपेक्षा सौरऊर्जा साठवणाऱ्या, जागेवरून न हलणाऱ्या बॅटऱ्यांसाठी तो मला अधिक सोयीचा वाटतो.