बाक कण्याचा, प्रश्न श्वासाचा: लहान मुलांच्या स्कोलिओसिसची पार्श्वभूमी

स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणे, हा वयात येणाऱ्या मुलींचा विकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रुग्णांच्या संख्येकडे पाहिले तर ती चुकीचीही नाही. पण कण्याचा असा बाक वर्षा-दोन वर्षांच्या बाळातही दिसतो, आणि तिथे सगळा हिशेबच बदलतो. स्वीडनमध्ये उपचार न झालेल्या रुग्णांचा दीर्घकाळ माग ठेवून 1992 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वयात येताना बाक सुरू झालेल्यांचे आयुर्मान इतरांसारखेच निघाले. ज्यांचा बाक अगदी लहानपणी सुरू झाला होता, त्यांच्यात मात्र अकाली मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. याचे कारण कण्यापेक्षा फुप्फुसांत आहे.

कणा बाजूला झुकतो तेव्हा तो स्वतःभोवती पिळलाही जातो. बरगड्या पाठीच्या मणक्यांनाच जोडलेल्या असल्यामुळे त्याही त्या पिळाबरोबर ओढल्या जातात. एका बाजूच्या बरगड्या मागे फुगतात, दुसऱ्या बाजूच्या एकमेकींवर दाटतात, आणि छातीच्या आतली जागा आक्रसते. मोठ्या माणसात हे घडले, तर निदान पूर्ण वाढलेली फुप्फुसे दाबली जातात. बाळात ती अजून घडायचीच असतात. फुप्फुसांतले हवेचे सूक्ष्म फुगे, म्हणजे वायुकोश, सर्वांत झपाट्याने वाढतात ते पहिल्या काही वर्षांत, आणि त्या काळात छातीत जागा नसेल तर राहिलेली वाढ पुढे भरून निघत नाही.

ही वाढ नेमकी किती आणि केव्हा होते, याची शिस्तशीर मोजणी फ्रान्समधल्या माँपेलिए इथले बालअस्थिरोगतज्ज्ञ आलँ दिमेग्लिओ यांनी केली. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा पाया तोच आहे. जन्मतः पाठीच्या बारा मणक्यांची, म्हणजे छातीमागच्या कण्याची, उंची साधारण 11 सेंटिमीटर असते. पाचव्या वर्षी ती 18, दहाव्या वर्षी 22, आणि वाढ पूर्ण झाल्यावर मुलग्यांत सुमारे 28 व मुलींत 26 सेंटिमीटर होते. छातीच्या आतल्या जागेचा वेग याहून निराळा आहे. प्रौढ वयातल्या जागेच्या तुलनेत जन्माच्या वेळी ती फक्त 6 टक्के असते, पाचव्या वर्षी 30 टक्के आणि दहाव्या वर्षी 50 टक्के. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा कणा कायमचा जखडून टाकला, तर ज्या छातीची सत्तर टक्के वाढ बाकी आहे तिचा मागचा खांबच आपण थांबवतो.

नेमके हेच अनेक दशके होत राहिले, आणि ते करणारे डॉक्टर निष्काळजी मुळीच नव्हते. न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज यांनी 1911 मध्ये क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी मणके एकमेकांना सांधून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि 1914 मध्ये ती स्कोलिओसिससाठी वापरली. त्या काळी वाकत चाललेल्या कण्याला थोपवण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. पुढे 1948 मध्ये न्यूयॉर्कच्याच जॉन कॉब यांनी एक्स-रेवर बाक अंशांत मोजण्याची पद्धत रूढ केली. ती आजही जगभर वापरली जाते आणि तिची उपयुक्तता वादातीत आहे. पण एकदा मोजपट्टी अंशांची झाली, की यशही अंशांतच मोजले जाऊ लागले. लांब पण वाकड्या कण्यापेक्षा आखूड पण सरळ कणा बरा, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. चार वर्षांच्या मुलाचे मणके सांधले, एक्स-रे सरळ आला, की काम फत्ते.

या समजुतीला पहिला मोठा तडा 1989 मध्ये गेला. पॅरिसच्या जाँ द्युबुसे यांनी दाखवून दिले की लहान मुलाचे मणके फक्त मागच्या बाजूने सांधले, तर पुढची बाजू वाढतच राहते आणि मागून जखडलेला कणा पुन्हा पिळत जातो. म्हणजे ज्या सरळपणासाठी वाढ गमावली, तोही टिकत नव्हता. दुसरा तडा डॅलसच्या लोरी कॅरोल आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधल्या अभ्यासाने दिला. लहान वयात छातीमागचे मणके सांधलेल्या 28 मुलांना त्यांनी काही वर्षांनी परत बोलावून त्यांचा श्वास मोजला. त्यांच्यातल्या 12 जणांची फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी होती. ज्यांच्या छातीमागच्या कण्याची उंची 18 सेंटिमीटरच्या आत राहिली होती, त्यांच्यात हे प्रमाण 63 टक्के होते. दिमेग्लिओ यांच्या मोजणीत 18 सेंटिमीटर ही पाच वर्षांच्या मुलाची उंची आहे. मोठ्या झालेल्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाच्या छातीवर आयुष्य काढायला लागत होते.

कणा जखडायचा नाही पण वाकूही द्यायचा नाही, ही कल्पना तोवर जुनी झाली होती. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूचा रॉड घडवला आणि त्याचा अहवाल 1962 मध्ये दिला. मिनेसोटाच्या जॉन मो यांनी 1984 मध्ये मणके न सांधता त्वचेखालून रॉड सरकवण्याचे आणि तो वेळोवेळी लांबवण्याचे तंत्र मांडले. पुढे सॅन डिएगोच्या बेहरूझ अकबर्निया यांनी दोन्ही बाजूंना एकेक रॉड बसवण्याची पद्धत रुळवली. कणा वाढू लागला, पण त्यासाठी मुलाला दर सहा महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावे लागे. 140 मुलांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 58 टक्के मुलांना निदान एक तरी गुंतागुंत झाली होती, आणि प्रत्येक जादा शस्त्रक्रियेमागे धोका 24 टक्क्यांनी वाढत होता. शिवाय दर खेपेला मिळणारी लांबी आधीपेक्षा कमी भरते, कारण कणा हळूहळू ताठरतो.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या रॉबर्ट कॅम्पबेल यांनी सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यापुढे जन्मतःच काही बरगड्या नसलेले, व्हेंटिलेटरवरचे बाळ आले. इथे कणा सरळ करण्याआधी छाती उघडणे भाग होते. त्यातून बरगड्यांना धरून छाती उभ्या दिशेने वाढवणारे आणि लांबवता येणारे टायटॅनियमचे उपकरण तयार झाले. त्याला 2004 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. 2003 च्या लेखात त्यांनी केलेली व्याख्या मला उपकरणाहूनही महत्त्वाची वाटते: छातीला नीट श्वास किंवा फुप्फुसांची वाढ पेलता न येणे, हाच मुळात एक विकार. कणा, बरगड्या आणि फुप्फुसे यांचा विचार त्यानंतर एकत्र होऊ लागला. त्यांच्या उपकरणालाही मर्यादा होत्याच. वारंवारच्या शस्त्रक्रियांनी छातीची भिंत कडक होते, आणि कडक छाती मोठी असूनही नीट हलत नाही.

या सगळ्या धातूच्या इतिहासात लंडनजवळच्या स्टॅनमोर इथल्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या मिन मेहता यांचे काम मागे पडता कामा नये. तान्ह्या बाळातला बाक पुष्कळदा आपोआप जातो. मग आपोआप जाणारा कोणता आणि वाढत जाणारा कोणता, हे आधी ओळखायचे कसे? 1972 मध्ये मेहता यांनी उत्तर बरगड्यांत शोधले. बाकाच्या मधल्या मणक्याशी डावी-उजवी बरगडी जो कोन करते, त्या दोन कोनांतला फरक 20 अंशांच्या आत असेल तर बाक बहुधा जातो. जास्त असेल तर सावध व्हायला हवे.

दुसरे काम त्याहून धीराचे. फ्रान्समध्ये इव्ह कॉत्रेल यांनी कणा ताणून आणि त्याचा पीळ उलगडून प्लास्टरचे जाकीट घालण्याची रीत बसवली होती. मेहता यांनी ती तान्ह्या मुलांसाठी वापरली. बाळाला भूल देऊन जाकीट घालायचे, काही आठवड्यांनी ते काढून नवे घालायचे, आणि पहिल्या काही वर्षांतल्या वेगवान वाढीलाच कणा सरळ करू द्यायचा. 136 मुलांचे निष्कर्ष त्यांनी 2005 मध्ये मांडले. लवकर आलेली 94 मुले सरासरी एक वर्ष सात महिन्यांची होती आणि त्यांचा बाक सरासरी 32 अंश होता. सरासरी साडेतीन वर्षांच्या वयापर्यंत त्यांचा बाक नाहीसा झाला. उशिरा आलेली 42 मुले सरासरी अडीच वर्षांची होती, बाक 52 अंशांचा होता. तो कमी झाला, गेला नाही, आणि त्यांच्यातल्या 15 जणांना शेवटी मणके सांधण्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

दोन गटांच्या वयांत फरक किती, तर अकरा महिने. ‘अजून लहान आहे, मोठा झाला की बघू’ हा सल्ला घरातले वडीलधारे मायेने देतात, कधी डॉक्टरही देतात. वाढत्या बाकाच्या बाबतीत तो सल्ला ऐकला, की नेमका हाच काळ हातचा जातो. सगळ्याच मुलांचा बाक प्लास्टरने जात नाही. जन्मजात मणकेच सदोष असतील किंवा स्नायूंचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही प्लास्टरने किंवा ब्रेसने, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आधाराने, शस्त्रक्रिया दोन-तीन वर्षे पुढे ढकलता आली, तर तेवढी छाती वाढते.

वारंवारच्या शस्त्रक्रिया टाळण्यासाठी चुंबकाने बाहेरून लांबवता येणारे रॉड आले. हाँगकाँगच्या केनेथ चेउंग यांच्या गटाने त्यांचे पहिले निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांखालच्या मुलांना पुन्हा पुन्हा किंवा दीर्घकाळ भूल देण्याबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने 2016 मध्ये इशारा दिला, तेव्हा या रॉडांची ओढ आणखी वाढली. मात्र त्यांच्याभोवती धातूची झीज साचलेली आढळली आणि 2020 मध्ये ब्रिटनमध्ये त्यांचा पुरवठा काही काळ थांबवण्यात आला.

आज तज्ज्ञांच्या नोंदीत बाकाच्या अंशांशेजारी छातीमागच्या कण्याची उंची, मुलाचे वजन आणि झोपेतला श्वास यांनाही जागा मिळाली आहे. श्वास फुंकून मोजण्याची चाचणी मात्र साधारण पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला जमत नाही, आणि एक्स-रे म्हणजे स्थिर चित्र. म्हणून कॅम्पबेल यांनी फिलाडेल्फियाला गेल्यावर प्रतिमाशास्त्रज्ञ जयराम उडुपा यांच्याबरोबर दुसरा रस्ता धरला: मूल नेहमीसारखा श्वास घेत असतानाच एमआरआय काढायचा, आणि डाव्या व उजव्या बाजूला बरगड्या किती हलतात, श्वासपटल किती हलते, हे वेगवेगळे मोजायचे. कॅम्पबेल 2018 मध्ये गेले; ही मोजणी पुढे चालू राहिली आहे.