तेल त्यांचं, रिक्षा आपली : नायजेरियाच्या गरिबीची पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे. सहा मशिनं, आठ माणसं. तीनचाकीला लागणारे ब्रॅकेट आणि पेडल तिथे बनतात. २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्याच्या ऑर्डरी आटल्या. पुरवठादाराचा निरोप एवढाच होता, की नायजेरियाचं चलन कोसळलंय, तिकडचा माल सध्या थांबलाय. दिवाळीपर्यंत दोन पोरांना सुट्टी द्यावी लागली. तेव्हा त्याने मला विचारलं, "दादा, तिकडे तर तेलाच्या विहिरी आहेत म्हणतात. मग रिक्षा घ्यायला पैसे कसे नाहीत त्यांच्याकडे?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

आधी रिक्षाचंच सांगतो. आकुर्डीच्या बजाजसाठी नायजेरिया ही बरीच वर्षं परदेशातली सर्वांत मोठी बाजारपेठ होती. लागोस, कानो, इबादान या शहरांत मोटारसायकल टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं चालली, तिला 'ओकाडा' म्हणतात, आणि आपल्या रिक्षेला 'केके'. पश्चिमेकडच्या राज्यांत तिला 'केके मारवा' म्हणतात, कारण १९९० च्या दशकात बुबा मारवा हे लागोसचे लष्करी प्रशासक असताना ती तिथे आली. दुसरं नाव आहे 'केके नॅपेप'. नॅपेप म्हणजे २००१ साली सुरू झालेला राष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रम. बेरोजगार तरुणांना हप्त्यावर तीनचाकी देण्याचं काम त्यातून झालं. कार्यक्रम केव्हाच मागे पडला, गाडीला मात्र त्याचं नाव चिकटून राहिलं. ज्या देशाने एवढं तेल विकलं, त्याला पोरांच्या हाताला काम म्हणून रिक्षाचं हँडल द्यावं लागलं, हे मला फार बोचतं.

तेलाआधी हा देश शेतीवर उभा होता. पश्चिमेला कोको, पूर्वेला पामतेल, उत्तरेला भुईमूग. कानो शहरात शेंगांच्या पोत्यांचे पिरॅमिड रचत. एकेका पिरॅमिडमध्ये पंधरा-पंधरा हजार पोती. आपल्या मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यांपुढची थप्पी पाहिलेल्या माणसाला हे डोळ्यांपुढे आणता येईल. या पिकांवर सरकारी पणन मंडळांचा ताबा होता. मंडळ शेतकऱ्याला कमी भाव देई, बाहेर जास्त भावाने विके, आणि मधला पैसा प्रांतांच्या तिजोरीत जाई. शेतकऱ्याची लूट तेव्हाही होत होती. तरी एक गोष्ट होती : सरकार शेतकऱ्याच्या घामावर चालायचं, म्हणून त्याने पेरलं की नाही याची सरकारला काळजी असायची.

जानेवारी १९५६ मध्ये ओलोइबिरी या खाडीकाठच्या गावात शेल-बीपी या कंपनीला तेल लागलं. १९५८ मध्ये पहिली निर्यात झाली, १ ऑक्टोबर १९६० ला देश स्वतंत्र झाला. तेव्हाच्या राज्यघटनेत ज्या प्रांतातून खनिज निघेल त्याला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) ५० टक्के वाटा होता. १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. पुढच्याच वर्षी पूर्व भाग 'बियाफ्रा' म्हणून फुटला आणि जानेवारी १९७० पर्यंत युद्ध चाललं, ज्यात उपासमारीनेच लाखो माणसं गेली. युद्धाच्या मुळाशी तेल एकटंच नव्हतं, पण तेल कोणाचं हा प्रश्न त्यात होताच. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने तो केंद्राच्या बाजूने मिटवला : जमिनीखालचं सगळं तेल संघराज्याचं. तेल निघणाऱ्या भागाचा वाटा उतरत उतरत १९८० च्या दशकात दीड टक्क्यावर आला. १९९९ च्या घटनेने तो किमान १३ टक्के केला, तोवर एक अख्खी पिढी सरली होती.

१९७३ च्या तेलसंकटात जगभर भाव चौपट झाले आणि लागोसमध्ये पैशाचा पूर आला. सरकारी नोकरांना उदोजी आयोगाची घसघशीत पगारवाढ मिळाली, फरकासकट. बाजारात वस्तू तेवढ्याच होत्या, त्यामुळे महागाई भडकली, आणि ज्यांना पगारच नव्हता त्यांना त्या वाढीतून फक्त महागाई मिळाली. सगळ्यांत मोठी कथा सिमेंटची. रस्ते, बराकी, इमारती बांधायच्या म्हणून सुमारे २ कोटी टन सिमेंट मागवलं गेलं. लागोस बंदराची सिमेंट उतरवून घेण्याची ताकद वर्षाला जेमतेम १० लाख टन. १९७५ मध्ये शेकडो जहाजं बंदराबाहेर रांगेत उभी राहिली. उभं राहण्याचंही भाडं पडतं, आणि ते करारानुसार सरकारनेच भरायचं होतं. काही जहाजमालकांनी तर त्या भाड्यासाठीच जुनाट जहाजं तिकडे वळवली. दमट हवेत कित्येक पोती जहाजातच दगड झाली. बांधकामाच्या साइटवर पावसात भिजलेलं एक पोतं हातोडीने फोडून बघावं, म्हणजे कळतं की त्याचं काहीच करता येत नाही.

याच वर्षांत शेती खचली. नायरा, म्हणजे तिथलं चलन, तेलामुळे महाग झाला, म्हणून बाहेरचा तांदूळ आणि गहू स्वस्त पडू लागला. देशी पीक विकणं परवडेना. उत्तरेत दुष्काळ आला, भुईमुगावर रोग पडला, आणि कानोचे पिरॅमिड गेले ते गेलेच. गावाकडचे तरुण लागोसला आले. तेलाच्या धंद्यात मात्र माणसं फार लागत नाहीत. विहिरी, पाइपलाइन, समुद्रातले फलाट हे मोजक्या तंत्रज्ञांवर चालतं. सरकारलाही आता जनतेच्या कराची गरज उरली नव्हती. कंपन्यांचा चेक येतो, तो वाटायचा, आणि वाटपाच्या टेबलाजवळ कोण बसलंय यावर कोण श्रीमंत होणार ते ठरायचं. विषमतेचं मूळ मला इथे दिसतं. आळस, लोकसंख्या, संस्कृती अशी कारणं आपल्याकडेही सहज सांगितली जातात. ती मला पटत नाहीत.

मग तेलाचे भाव पडले. जानेवारी १९८३ मध्ये सरकारने कागदपत्रं नसलेल्या परदेशी मजुरांना काही आठवड्यांत निघून जायला सांगितलं. सुमारे २० लाख माणसं निघाली, त्यातली अर्धीअधिक घानाची. त्यांनी सामान भरलं त्या चौकड्यांच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या बॅगेला पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. तीच बॅग रविवार पेठेत मिळते, आणि सणाच्या आधी पुणे स्टेशनवर बिहार-उत्तर प्रदेशच्या गाड्यांपाशी दर दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर असते.

१९८५ पर्यंत एक नायरा एका डॉलरपेक्षा महाग होता. १९८६ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या धाटणीचा सुधारणा कार्यक्रम आला, आणि दशक संपता संपता डॉलरला सात नायरांच्या वर मोजावे लागू लागले. शिक्षक, परिचारिका, कारकून या वर्गाची कंबर तेव्हा मोडली. पुढे लष्करशहा सानी अबाचाच्या राजवटीत डॉलरचा सरकारी भाव २२ नायरा आणि बाजारातला साधारण ८० होता. ज्याला वरपर्यंत ओळख, त्याने २२ ला घ्यावा आणि ८० ला विकावा. काहीही न पिकवता, न बनवता माणसं गब्बर झाली. स्वतः अबाचाने लाटलेला पैसा अजूनही परदेशी बँकांमधून हप्त्याहप्त्याने परत येतोय.

आणि तेल जिथून निघतं तिथे? नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी लोकांनी गळती आणि प्रदूषणाविरुद्ध आवाज उठवला. त्यांचे नेते, लेखक केन सारो-विवा यांना आठ सहकाऱ्यांसह १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये ओगोनीचा अहवाल दिला. एका वस्तीतल्या पिण्याच्या विहिरीत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होतं. लोक ते पाणी पीत होते. सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्या अहवालात म्हटलं होतं.

या सगळ्यात सामान्य माणसाच्या हाती तेलाचा एकच हिस्सा थेट आला : स्वस्त पेट्रोल. सरकारी रिफायनऱ्या चार, पण वर्षानुवर्षं धड चालत नव्हत्या, म्हणून कच्चं तेल विकून पेट्रोल बाहेरून आणायचं आणि फरक तिजोरीतून भरायचा. आपण पंपावर लिटरमागे सरकारला कर देतो, तिथे उलटं होतं. त्या अनुदानात आयातदारांनी हात धुऊन घेतले आणि गाड्या बाळगणाऱ्यांना त्याचा जास्त लाभ झाला, हेही खरं. पण गरिबाची ओकाडा, भाजीचा टेंपो आणि वीज गेल्यावर लावायचा जनरेटर त्याच पेट्रोलवर चालायचा. १ जानेवारी २०१२ ला सरकारने भाव ६५ वरून १४१ नायरांवर नेला, तेव्हा देश रस्त्यावर उतरला आणि दोन-अडीच आठवड्यांत तो ९७ वर आणावा लागला.

२९ मे २०२३ ला शपथ घेताना राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी अनुदान संपल्याचं जाहीर केलं. दोनशेच्या आतलं पेट्रोल काही दिवसांत पाचशेवर गेलं. जूनमध्ये नायराचा भाव बाजारावर सोडला. डॉलर साधारण ४६० वरून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला १५०० च्या आसपास गेला. भोसरीतली ऑर्डर थांबली ती इथे. हप्त्यावर केके घेणाऱ्याला तीच गाडी आता कैक पटींनी महाग, आणि टाकी भरणंही.

तेलाचा वाटा देशाच्या उत्पन्नात दहा टक्क्यांहूनही कमी आहे, परकीय चलन मात्र बहुतांशी त्याच्यातूनच येतं. २०२२ मध्ये तिथल्या सांख्यिकी विभागाने १३ कोटी ३० लाख लोक, म्हणजे ६३ टक्के जनता, बहुआयामी गरिबीत (आरोग्य, शिक्षण, राहणीमान, काम यांतल्या अभावांवरून मोजलेल्या) असल्याचं सांगितलं. दक्षिणेतल्या ओंडो राज्यात हे प्रमाण २७ टक्के, उत्तरेतल्या सोकोटोत ९१. भुईमुगाचे पिरॅमिड होते ती उत्तरच. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन ३० हजारांवरून ७० हजार नायरा झालं, आणि तेवढ्यात महिन्याला ५० किलोंचं तांदळाचं पोतंही येईना.

मावसभावाने दोन मशिनं आता फवारणी पंपाच्या कामाला लावली आहेत. नायजेरियाचं काम थोडं थोडं परत येतंय, एक पोरगाही परत आलाय. सकाळी शटर वर केलं की तो आधी मोबाइलवर नायराचा भाव बघतो, मग लेथ चालू करतो.