पार्श्वभूमी: क्रॉल थांबवणं आणि इंडेक्समधून काढणं

सर्च इंजिन आधी क्रॉलर नावाच्या प्रोग्रॅमकरवी पानं उघडून वाचतं (क्रॉल) आणि मग ती निकालांसाठीच्या आपल्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, घेतं. त्याला सूचना देण्यासाठी साइटमालकाकडे आज चार जागा आहेत: डोमेनच्या मुळाशी ठेवलेली रोबोट्स.टीएक्सटी फाइल, पानाच्या हेड भागातला रोबोट्स मेटा टॅग, सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणारा एक्स-रोबोट्स-टॅग हेडर आणि ‘ही लिंक विचारात घेऊ नकोस’ असं सांगणारं, लिंकला जोडलेलं नोफॉलो. या चारही सोयी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींवर तोडगा म्हणून आल्या. एकत्र बसून त्यांची आखणी कधीच झाली नाही. नको असलेलं पान निकालांत वर्षानुवर्षं दिसत राहतं किंवा हवं असलेलं पान एकाएकी गायब होतं, तेव्हा एका सूचनेचं काम दुसरीकडून करून घेण्याचा प्रयत्न झालेला असण्याची शक्यता बरीच असते.

रोबोट्स फाइल आली ती सर्व्हरवरचा ताण कमी करायला. १९९३-९४च्या सुमारास वेबवर फिरणारे क्रॉलर त्याच त्या फाइली पुन्हा पुन्हा उतरवत, विनंत्यांचा मारा करत आणि कधीच न संपणाऱ्या आभासी फोल्डरांत शिरत. काही तर मत नोंदवणाऱ्या स्क्रिप्टच्या लिंकही उघडत, आणि मत पडून जाई. ३० जून १९९४ला क्रॉलर लिहिणाऱ्या मंडळींमध्ये जी सहमती झाली, तिच्यात दोनच शब्द होते: नियम कुणासाठी हे सांगणारा यूजर-एजंट, आणि कुठे जायचं नाही हे सांगणारा डिसअलाऊ. परवानगी देणारा अलाऊ नव्हता, पत्त्यात ‘इथे काहीही चालेल’ असं सांगणारं तारांकित चिन्हही नव्हतं. डिसअलाऊचा अर्थ ‘हे पान मागू नकोस’ एवढाच होता. ‘हे पान यादीत घेऊ नकोस’ असं त्या मसुद्यात कुठेच नव्हतं, आणि आजही नाही.

यादीत न घेण्याची सूचना, म्हणजे नोइंडेक्स, १९९६मध्ये मेटा टॅगच्या रूपाने आली. ज्या लेखकांना सर्व्हरच्या मूळ फोल्डरला हात लावता येत नव्हता, त्यांच्यासाठी हा टॅग काढला गेला. त्यातून एक पेच आपोआप तयार झाला. टॅग वाचायचा तर पान उघडावं लागतं, आणि रोबोट्स फाइलने पान उघडायलाच मनाई केली असेल तर टॅग कुणाच्या नजरेस पडत नाही.

पहिली काही वर्षं हा पेच फारसा जाणवला नाही, कारण जे पान वाचलं नाही ते निकालात येत नसे. लिंकवरच्या मजकुराला महत्त्व देणारी सर्च इंजिनं आली आणि चित्र बदललं. १९९८च्या एका शोधनिबंधातच म्हटलं होतं की, इतर पानांवरच्या लिंकच्या मजकुरावरून कधीही क्रॉल न झालेलं पानसुद्धा निकालात दाखवता येतं. डिसअलाऊ केलेलं पान नुसत्या पत्त्यासह, वर्णनाविना निकालात दिसतं ते यामुळेच. तिथे क्रॉलरने नियम मोडलेला नसतो. त्याने पान उघडलेलं नसतं, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या लिंक वाचलेल्या असतात.

पुढच्या दशकात भर पडत गेली. जानेवारी २००५मध्ये कॉमेंटमधल्या स्पॅमवर उपाय म्हणून तीन मोठ्या सर्च इंजिनांनी लिंकवरचं नोफॉलो स्वीकारलं. मेटा टॅगमध्ये याच नावाची सूचना आधीपासून होती. पण ती पानावरच्या सगळ्या लिंकना लागू होते, तर लिंकवरची फक्त त्या एका लिंकला. दोन्हींपैकी एकही पान इंडेक्समधून काढत नाही. २००७मध्ये एक्स-रोबोट्स-टॅग हेडर आला आणि पीडीएफ, चित्रं अशा फाइलींनाही नोइंडेक्स लावता येऊ लागलं. फेब्रुवारी २००९मध्ये कॅनॉनिकल टॅग आला. एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील तर खरा कोणता, हे तो सांगतो. पण तोही पान वाचल्यावरच कळतो. म्हणून डुप्लिकेट पानं रोबोट्स फाइलने बंद केली की त्यांवरचा कॅनॉनिकल वाचला जात नाही आणि त्यांना आलेल्या लिंकचं श्रेय मूळ पानाकडे वळत नाही. डुप्लिकेट पानं डिसअलाऊ करा हा सल्ला २००९आधी समजण्यासारखा होता. आज तो नुकसान करतो.

ऑक्टोबर २०१४मध्ये सर्वांत मोठ्या सर्च इंजिनने मार्गदर्शक सूचना बदलून स्टाइलशीट आणि जावास्क्रिप्टच्या फाइली बंद ठेवू नका, असं सांगितलं. क्रॉलर आता पान ब्राउझरसारखं मांडून पाहू (रेंडर करू) लागला होता. जुन्या सवयीने सिस्टीमचे फोल्डर डिसअलाऊ केलेल्या साइट त्याला मोडक्या दिसू लागल्या. जुलै २०१५मध्ये याच कारणासाठी साइटमालकांना मोठ्या संख्येने इशारे गेले.

२०१९चा निर्णय

रोबोट्स फाइलमध्ये ‘नोइंडेक्स:’ अशी ओळ लिहिली तर सर्वांत मोठं सर्च इंजिन ती पाळायचं. अधिकृत कागदपत्रांत तिचा उल्लेख नव्हता, पण अनेकांना ती ठाऊक होती. २ जुलै २०१९ला जाहीर झालं की ही ओळ, तसंच याच फाइलमधल्या नोफॉलोसारख्या इतर अनधिकृत ओळी १ सप्टेंबरपासून चालणार नाहीत. मुदत मिळाली जेमतेम दोन महिन्यांची.

दिलेली कारणं दोन. पहिलं, रोबोट्स फाइलच्या नियमांना अधिकृत इंटरनेट मानकाचं रूप द्यायचं काम त्याच सुमारास हाती घेतलं होतं आणि नियम वाचणारा कोडही खुला केला होता. त्यात अनधिकृत शब्द नको होते. दुसरं, या ओळी वापरल्या जात तिथेही त्याच फाइलमधले इतर नियम त्यांच्या विरोधात जात. इंटरनेटवरच्या सर्व रोबोट्स फाइलींपैकी ०.००१ टक्के सोडल्या तर हेच चित्र होतं, असा दावा केला गेला.

विरोध करणाऱ्यांची अडचणही खरी होती. एखाद्या ऑनलाइन दुकानाचं एकच श्रेणीपान घ्या. रंगाचे ५ पर्याय, आकाराचे ४, क्रमवारीचे ३, आणि प्रत्येक फिल्टर न निवडण्याची मुभा. ६ गुणिले ५ गुणिले ४ म्हणजे एका पानाचे १२० पत्ते. फिल्टरचा क्रम बदलल्यावर पत्ता बदलत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. अशी ३०० श्रेणीपानं असतील तर हिशेब ३६ हजारांवर जातो. पानांचा साचा (टेम्पलेट) बाहेरच्या एजन्सीच्या ताब्यात, सर्व्हरचे हेडर होस्टिंगवाल्याच्या ताब्यात. मालकाच्या हातात फक्त रोबोट्स फाइल. तिथली एक ओळ ही सगळी पानं इंडेक्समधून काढायची, आणि जोडीला डिसअलाऊ लिहिलं की सर्व्हरवरचा ताणही वाचायचा. दोन्ही कामं एकाच जागेवरून होत होती. ती सोय गेली आणि तिच्या तोडीचं काही मिळालं नाही.

मानकाचा मुद्दा बरोबर होता. एकाच सर्च इंजिनला कळणाऱ्या, कुठेही न लिहिलेल्या शब्दावर साइट उभी करणं कधीच सुरक्षित नव्हतं. अंमलबजावणी मात्र चुकली. घोषणेसोबत पाच पर्याय दिले होते: पानावर किंवा हेडरमध्ये नोइंडेक्स, पान नाही किंवा कायमचं गेलं असं सांगणारा ४०४ किंवा ४१० हा कोड, पासवर्ड, रोबोट्स फाइलमध्ये डिसअलाऊ, आणि पत्ता तात्पुरता हटवण्याचं साधन. पंचवीस वर्षांचा गोंधळ ज्या शब्दाभोवती होता, तोच डिसअलाऊ नोइंडेक्सच्या शेजारी पर्याय म्हणून बसवला गेला. ज्या साइटवर नोइंडेक्सची ओळ पुसून तिथे डिसअलाऊ लिहिलं गेलं, तिथे पानं इंडेक्समधून पक्की निघण्याचा मार्गच बंद झाला. सर्च कन्सोल या त्याच सर्च इंजिनच्या साइटमालकांसाठीच्या साधनात ‘रोबोट्स.टीएक्सटीने ब्लॉक केलेलं असूनही इंडेक्स झालं’ असा शेरा दिसतो तो अशाच पानांवर.

२०१९नंतर पान काढण्याचा क्रम ठरून गेला, आणि तो उलटा करून चालत नाही. आधी रोबोट्स फाइलमधून त्या पत्त्यावरची मनाई काढायची. मग पानाच्या हेड भागात नोइंडेक्स, किंवा पीडीएफ असेल तर एक्स-रोबोट्स-टॅग हेडर. नंतर सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत लाइव्ह चाचणी घ्यायची. क्रॉलला परवानगी आहे आणि नोइंडेक्स आढळलं आहे, हे दोन्ही तिथे दिसलं पाहिजे. असे पत्ते तात्पुरत्या वेगळ्या साइटमॅपमध्ये (क्रॉलरला दिल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत), खऱ्या बदलाच्या तारखेसह दिले तर क्रॉलर लवकर फिरकायला मदत होते. नेहमी क्रॉल होणारी पानं काही दिवसांत निघतात, क्वचित क्रॉल होणाऱ्यांना महिनेही लागतात. घाई असेल तर हटवण्याचं साधन आहे, पण ते साधारण सहा महिनेच पान झाकतं. मूळ उपाय केला नाही तर पान परत येतं. पानं निघाल्यावर पुन्हा डिसअलाऊ लावायचं का, हे साइटच्या आकारावर ठरवावं. काही हजार पानांच्या साइटला क्रॉलचा भार ही अडचणच नसते, तिथे नोइंडेक्स तसंच राहू द्यावं. डिसअलाऊ परत लावलं आणि बाहेरून लिंक येत राहिल्या, तर नुसता पत्ता पुन्हा निकालात येऊ शकतो.

इथे फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. पानाची साठवलेली प्रत देणारा कॅशिंग प्लगइन टॅग नसलेली जुनी प्रत देत राहतो. मेटा टॅगमध्ये इंडेक्स आणि हेडरमध्ये नोइंडेक्स असं असेल तर कडक सूचना जिंकते. त्यामुळे सर्व्हरवर विसरलेला एक हेडर पूर्ण साइट निकालातून उतरवू शकतो, आणि पानाचा सोर्स कितीही वेळा पाहिला तरी तो तिथे दिसत नाही. आधी नोइंडेक्स ठेवून नंतर जावास्क्रिप्टने काढण्याची युक्ती भरवशाची नाही, कारण नोइंडेक्स दिसल्यावर क्रॉलर पान रेंडर न करताच सोडू शकतो.

हाच पेच वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्येही होता. सर्च इंजिनांना परावृत्त करण्याच्या चौकटीवर खूण केली की पानांत नोइंडेक्स टॅग यायचा, पण सोबत रोबोट्स फाइलमध्ये पूर्ण साइटवर डिसअलाऊही लागायचं, त्यामुळे टॅग वाचलाच जात नसे. नोव्हेंबर २०१९च्या ५.३ आवृत्तीने डिसअलाऊ काढून फक्त टॅग ठेवला. बदल योग्यच होता. तरी काम चालू असलेली साइट लपवायला ही चौकट अपुरी आहे. तिथे सर्व्हर पातळीवरचा पासवर्ड लागतो. तो असेपर्यंत क्रॉलरला प्रवेश नाकारणारा ४०१ कोड मिळतो आणि विषय संपतो. शिवाय साइट खुली करताना चौकटीवरची खूण काढायची राहून जाते, तसा पासवर्ड काढायचा राहून जात नाही, कारण ग्राहक लगेच तक्रार करतात.

मानक झालं त्यानंतर

सप्टेंबर २०२२मध्ये रोबोट्स फाइलच्या नियमांचं इंटरनेट मानक, आरएफसी ९३०९, प्रसिद्ध झालं आणि २८ वर्षं परस्पर समजुतीवर चाललेले नियम अधिकृत झाले. मालकाला रोज लागतील अशा गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. नियम पत्त्याच्या सुरुवातीशी जुळवले जातात, म्हणून ‘/सेवा’ बंद केलं की ‘/सेवाकेंद्र’ही बंद होतं. फक्त फोल्डर बंद करायचा असेल तर शेवटी तिरकी रेघ हवी. दोन नियम जुळले तर लांब नियम लागू, लांबी सारखी असेल तर अलाऊ. पत्त्यांत रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. क्रॉलरने किमान ५०० किबीबाइट एवढी फाइल वाचली पाहिजे. पुढचं वाचलं जाईलच असं नाही.

नावाने लिहिलेल्या गटाचा नियम सर्वांत जास्त फसवतो. तारांकित गटात, म्हणजे यूजर-एजंटपुढे तारा लिहून सगळ्या क्रॉलरांसाठी केलेल्या गटात, बारा मनाया असतील आणि खाली एका क्रॉलरच्या नावाने वेगळा गट करून एकच मनाई लिहिली असेल, तर तो क्रॉलर फक्त ती एक मनाई पाळतो. वरच्या बारा त्याच्यासाठी नाहीतच. हव्या असतील तर त्या गटात पुन्हा लिहाव्या लागतात.

फाइल मिळाली नाही तर काय, हेही ठरलं. ४०४ आला तर मनाई नाही असं धरलं जातं. सर्व्हरमधला बिघाड सांगणारा ५०० ते ५९९मधला कोड आला तर पूर्ण साइट बंद असं धरलं जातं. म्हणजे साइट नीट चालू असताना फायरवॉल फक्त रोबोट्स फाइलच्या विनंतीला ५०३ देत असेल, तर क्रॉल थांबतो. रँकिंग अचानक घसरल्याची चौकशी करताना मजकूर आणि लिंकच्या आधी सर्व्हरच्या लॉगमध्ये या एका फाइलला कोणते कोड गेले, ते पाहावं. फाइल २४ तासांपर्यंत कॅशमध्ये ठेवायला परवानगी आहे, त्यामुळे दुरुस्तीचा परिणाम त्याच क्षणी दिसेलच असं नाही.

ऑगस्ट २०२३पासून या फाइलवर नवं ओझं आलं. भाषा-मॉडेलं घडवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या क्रॉलरांची नावं जाहीर केली. सप्टेंबरमध्ये एका सर्च इंजिनने तर स्वतंत्र क्रॉलर नसलेलं नाव दिलं. त्याखाली डिसअलाऊ लिहिलं तरी पान पूर्वीसारखंच क्रॉल आणि इंडेक्स होतं, फक्त मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जात नाही. निकालांतल्या स्थानावर त्याचा परिणाम होत नाही. ‘मागू नकोस’ एवढाच अर्थ असलेला शब्द इथे ‘मागितलेलं अमुक कामासाठी वापरू नकोस’ या अर्थाने वापरला गेला. वापराच्या परवानगीची वेगळी शब्दावली ठरवण्यासाठी इंटरनेट मानकांच्या व्यासपीठावर २०२५पासून एक कार्यगट काम करतो आहे. तोवर मालकाने प्रत्येक नावासाठी स्वतंत्र गट लिहावा, आणि मॉडेलचे क्रॉलर अडवण्याच्या भरात तारांकित गटाखाली पूर्ण साइटची मनाई लिहू नये, कारण सर्च इंजिनांचे क्रॉलरही त्याच गटात मोडतात.