ब्राऊन, मॉर्डकाय

मॉर्डकाय पीटर सेंटेनियल ब्राऊन (१९ ऑक्टोबर १८७६–१४ फेब्रुवारी १९४८). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू, शिकागो कब्ज संघाचे उजव्या हाताचे पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू). जन्म इंडियाना राज्यातील नाइसव्हिलचा. ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे शताब्दी वर्ष होते, म्हणून नावात ‘सेंटेनियल’.

लहानपणी शेतावरच्या कडबाकुट्टीत हात सापडून त्यांची उजवी तर्जनी बरीचशी तुटली. पुढे पडून याच हाताची आणखी बोटे मोडली. मधले बोट कायमचे वाकडे राहिले, करंगळी निकामी झाली. वृत्तपत्रांनी त्यांना ‘थ्री फिंगर’ केले. खाणीत काम केलेले असल्याने खेळाडू ‘मायनर’ (खाणकामगार) म्हणत.

कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, टाकताना पिचर सहसा तर्जनी व मधले बोट शेजारी ठेवून चेंडू धरतो आणि सोडताना बोटे वरून पुढे ओढून त्याला फिरकी देतो. या फिरकीमुळे हवा चेंडूला खाली ढकलते. ब्राऊन यांच्या हातातून चेंडू तर्जनीच्या खुंटावरून आणि वाकड्या बोटावरून निसटे व फलंदाजापाशी झपकन खाली बसे. बॅट चेंडूच्या माथ्यावर लागून तो जमिनीवरून सरपटत जाई, आणि तिथे टिंकर, एव्हर्स, चान्स हे क्षेत्ररक्षक सज्ज असत. फिरकी अपुरी पडली की हाच चेंडू छातीच्या उंचीला संथ येतो आणि जोरदार मार खातो. त्यामुळे सगळे श्रेय कडबाकुट्टीला देणे भाबडेपणाचे आहे. चेंडू वर्षानुवर्षे हव्या त्या जागी पडत राहिला तो सरावाने.

१९०३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून त्यांनी ९ सामने जिंकले, १३ हरले. संघाने त्यांना शिकागोला देऊन टाकले. हा सौदा कार्डिनल्सना फार महागात पडला. १९०६ मध्ये ब्राऊन यांनी २६ विजय व ६ पराभव अशी कामगिरी केली. दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्यांच्या नावावर फक्त १.०४ धावा लागल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांच्या धावा यात धरत नाहीत). त्या काळी एकच चेंडू मळून मऊ होईपर्यंत वापरत, त्यामुळे सर्वांचेच आकडे कमी असत. तरीही हा आकडा विलक्षण आहे. १९०६ ते १९११ या सहाही हंगामांत त्यांनी किमान २० सामने जिंकले.

१९०६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन मुख्य लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका) चौथा सामना १–० असा जिंकून दिल्यावर एकाच दिवसाच्या विश्रांतीनंतर त्यांना सहाव्यात उतरवले. दुसऱ्या इनिंगमध्येच त्यांची धुलाई झाली, प्रतिस्पर्धी व्हाइट सॉक्सने तो सामना ८–३ असा घेतला आणि सिरीजही. १९०७ व १९०८ ची विजेतेपदे मात्र कब्जची. ८ ऑक्टोबर १९०८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध लीगचा विजेता ठरवणाऱ्या लढतीत कब्जचे सुरुवातीचे पिचर फीस्टर पहिल्याच इनिंगमध्ये डळमळले. ब्राऊन आत आले, शेवटपर्यंत टिकले आणि जायंट्सचे पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन यांच्यावर ४–२ असा विजय मिळाला. असा मध्येच येऊन सामना राखणारा पिचर ही त्यांची भूमिका कर्व्हइतकीच महत्त्वाची आहे, पण तिच्याविषयी कमी बोलले जाते. १९११ मध्ये २१ विजयांबरोबरच त्यांच्या नावे १३ ‘सेव्ह’, म्हणजे मध्येच येऊन राखलेले सामने, आहेत. हा हिशेब अर्थात नंतर मागे जाऊन केलेला.

१९१२ मध्ये गुडघा दुखावला. पुढे सिनसिनाटीचा संघ, मग फेडरल लीग ही प्रतिस्पर्धी लीग, आणि १९१६ मध्ये पुन्हा कब्ज. त्या वर्षी ४ सप्टेंबरला मॅथ्यूसन यांच्याविरुद्धच, ८–१० असा हरलेला सामना दोघांचाही शेवटचा ठरला. कारकिर्दीत २३९ विजय, १३० पराभव, दर नऊ इनिंगमागे सरासरी २.०६ धावा. थोर बेसबॉलपटूंच्या सन्मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड १९४९ मध्ये, मृत्यूनंतर झाली.