खुब्याचा अस्थिभंग (वृद्धांमधील)

खुब्याच्या सांध्याजवळ मांडीचे हाड मोडणे. हाड बहुधा दोन ठिकाणी मोडते : हाडाच्या वरच्या टोकाला, सांध्यात बसणाऱ्या गोळ्याखालच्या निमुळत्या मानेत, किंवा मानेच्या खाली असलेल्या उंचवट्यांच्या भागात. उतारवयात हाड ठिसूळ झालेले असते, त्यामुळे उभ्याउभ्या घसरणेही पुरते. खानदेशात असा रुग्ण बहुतेकदा ओल्या मोरीत, ओट्याच्या पायरीवर किंवा रात्री लघवीला उठताना पडलेला असतो. पाय आखूड दिसतो, पंजा बाहेर वळतो, टाच उचलवत नाही. खात्री एक्स-रेने होते.

उपचार ठरतो तो मोड कुठे आहे यावर. गोळ्याला रक्त मानेवरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळते. मान मोडून तुकडे सरकले की त्या तुटतात आणि गोळा मरू शकतो. म्हणून वृद्धांमध्ये तो सांधत बसण्यापेक्षा काढून कृत्रिम गोळा बसवतात. चांगले हिंडते-फिरते असलेल्यांचा कधी पूर्ण सांधाच बदलतात. उंचवट्यांच्या भागाला रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथले हाड जुळते, पण आधार नसेल तर आखूड आणि वाकडे जुळते. तिथे आतून सळी किंवा स्क्रू-पट्टी घालतात. घरचे लोक ‘गोळा बसवला’ आणि ‘सळी टाकली’ म्हणतात, तो फरक हाच.

बिनशस्त्रक्रिया उपचाराची जुनी रीत म्हणजे पायाला वजन लावून सहा ते बारा आठवडे निजवून ठेवणे. वजन म्हणून विटाही टांगल्या जात. मानेचा सरकलेला मोड अशाने सहसा जुळत नाही. न सरकलेला कधी जुळतो, पण मध्येच सरकण्याची भीती राहते. खरा धोका मात्र हाडाचा नसतो, अंथरुणाचा असतो : पाठीला जखमा, न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, भ्रम (भान हरपून असंबद्ध बोलणे). शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू म्हातारीला दुसऱ्या दिवशी उठवून बसवणे आणि वॉकर धरून उभे करणे हा असतो. ‘आते या वयमा कसाले आपरेशन?’ हा अहिराणी घरातला प्रश्न मायेपोटी येतो, पण निजून राहणे सुरक्षित हे त्यातले गृहीतक चुकीचे आहे. नुसते वय हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नव्हे. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांतही वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के असते, हे नातेवाइकांना आधीच सांगायला हवे.

शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी असा संकेत आहे. निदानानंतर ६ तासांतच ती करून पाहणाऱ्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, भ्रम मात्र कमी झाला. खानदेशात वेळ जातो तो बहुधा रुग्णालयाच्या दाराबाहेर. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणावे लागते. मैदानी तालुक्यांत हाडवैद्याच्या लेपात आणि पैशांच्या जुळवाजुळवीत दिवस जातात. मोडलेले मनगट लाकडी पट्ट्यांत धरता येते. खुब्याभोवतीचे दणकट स्नायू तुकडे ओढतच राहतात, तिथे बाहेरून बांधून भागत नाही. पैशांपुरते बोलायचे तर आजच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे मूळ रूप २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आले, त्यांत धुळे होते. धुळ्यापाठोपाठ जळगाव आणि नंदुरबारलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शस्त्रक्रिया न करणे योग्य ठरते अशीही माणसे असतात : आधीपासून अंथरुणाला खिळलेली, अखेरच्या आजारातली, किंवा समजून-उमजून नको म्हणणारी. नेदरलँड्समधील १७२ अतिदुर्बल वृद्धांच्या अभ्यासात (२०२२) शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ८३ टक्के तीस दिवसांत वारले, केलेल्यांपैकी २५ टक्के. मात्र जगण्याच्या गुणवत्तेत पहिला गट मागे नव्हता. हा निर्णय रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून घेतला होता. खर्चापायी किंवा भीतीपायी घरी परत नेणे वेगळे, त्याला हा अभ्यास आधार देत नाही.

शस्त्रक्रिया न करण्याचे ठरलेल्या रुग्णाला वजने टांगून ठेवण्याची गरज नसते. मांडीच्या मज्जातंतूभोवती बधिर करणारे इंजेक्शन, गरजेप्रमाणे मॉर्फिन आणि दर दोन तासांनी कूस बदलणे हा उपचार असतो. घरातली बाज मधोमध खोलगट असल्याने तिच्यावर कूस नीट बदलता येत नाही. सपाट पलंग आणि हवेची गादी लागते.