नीम कोटेड युरिया आणि नॅनो युरिया: नाव एक, हिशेब वेगळा

कृषी सेवा केंद्रात "युरिया द्या" म्हटलं की हल्ली 45 किलोची गोणी पुढ्यात येते, आणि पुष्कळदा सोबत अर्ध्या लिटरची बाटलीही. दोन्हींना पर्यावरणपूरक म्हणतात, म्हणून एकाऐवजी दुसरं चालेल असं वाटतं. तिथेच घोळ होतो.

गोणीतला नीम कोटेड युरिया म्हणजे जुनाच युरिया, नत्र 46 टक्के. दाण्यावर निंबोळी तेलाचा पातळ थर, एवढाच फरक. हा थर आला सरकारी आदेशाने. गंमत म्हणजे आधी नियम उलटा होता: कारखान्यांना 35 टक्क्यांहून जास्त युरिया असा करता येत नसे. 2015 मध्ये देशात बनणारा सगळाच युरिया नीम कोटेड करणं सक्तीचं झालं. अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी पळवला जाऊ नये, हाही त्यातला एक हेतू.

पिकापुरतं बोलायचं तर युरियाचं मातीत आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट. नायट्रेट मोठ्या पावसात मुळांखाली निघून जातं. निंबोळी तेल हे दुसरं रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना रोखून धरतं, त्यामुळे नत्र जास्त दिवस पुरतं. पहिल्या टप्प्यावर मात्र त्याचा फारसा जोर चालत नाही. कोरड्या रानात, उन्हात वरून फेकलात तर अमोनिया उडून जाणारच. मातीआड करायचे कष्ट वाचत नाहीत.

बाटली ही वेगळीच चीज. इफको या सहकारी खत कंपनीने 2021 मध्ये आणलेला नॅनो युरिया पानांवर फवारायचा, नत्र 4 टक्के. म्हणजे बाटलीत नत्र 20 ग्रॅम, गोणीत 20 किलोंहून जास्त. तरी एक बाटली एका गोणीची बरोबरी करते, असा प्रचार झाला. पुढे 'प्लस' आला, 20 टक्क्यांचा; तरी 100 ग्रॅमच. पान कितीही चांगलं शोषून घेवो, एवढ्यावर मक्याची भूक कशी भागायची? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात नेहमीचं नत्र कमी करून नॅनो फवारलं, तेव्हा भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं.

पेरणीवेळचा डोस तोडू नका, असं कंपनीही सांगते. लिंकिंगमध्ये, म्हणजे गोणीसोबत घ्यायच्या सक्तीमुळे, बाटली गळ्यात पडलीच असेल, तर लिटरला 2 ते 4 मिली घेऊन ऊन उतरल्यावर फवारा. पण तिच्या भरवशावर गोणी कमी करू नका.