शुगर लो झाली आणि घरात फक्त मूल आहे

मधुमेही माणसाच्या घरातलं मूल बोलायला लागल्यापासून एक नियम ऐकत असतं: बाबांना गोड द्यायचं नाही. गणपतीत मोदकांचं ताट फिरलं की तेच मूल ओरडतं, "बाबांना नको, बाबांना शुगर आहे!" सगळे कौतुक करतात. पण बाबांच्या रक्तातली साखर एकदम उतरते तेव्हा हाच नियम आड येतो. साखरेचा डबा समोर असतो आणि मूल हात मागे घेतं, कारण त्याच्या लेखी साखर म्हणजे बाबांचं विष. म्हणून शिकवायची सुरुवात इथूनच करावी लागते. गोड बंद हा रोजचा नियम, आणि शुगर लो झाली की गोड हेच औषध.

हा धोका सगळ्या मधुमेहींना सारखा नसतो. नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याची साखर सहसा इतकी उतरत नाही. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारे यांना मात्र जपायला हवं. पोटात अन्न असो वा नसो, या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. चतुर्थीचा उपास आहे पण गोळी घेतली, ठाणे-वाशी लोकल रखडली, संध्याकाळचं खाणं चुकलं, वर स्टेशनपासून घरापर्यंत चालणं झालं, की घरात पाऊल टाकेपर्यंत आकडा ७० च्या खाली गेलेला असू शकतो. दर १०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय सुरू करायचा. ५४ च्या खाली परिस्थिती गंभीर समजायची.

हे आकडे समजायला एक छोटं गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून साखर होते ५ ग्रॅम. म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा! मेंदू एकटाच तासाला जवळपास तेवढी साखर जाळतो आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. यकृत सतत भर घालत असतं म्हणून निभावतं. इन्सुलिन जास्त झालं की यकृताची ती भरच अडते.

आता धोक्याच्या घंटा कशा वाजतात ते पाहू, कारण मुलाला ओळखायच्या आहेत त्या याच. साखर ६५-७० च्या आसपास आली की शरीर ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन ही साखर वाढवणारी संप्रेरकं सोडतं. ॲड्रेनलिनमुळे छाती धडधडते, हात थरथरतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून चेहरा पांढरा पडतो. त्याच सुमारास घामही फुटतो, पण त्याची वाट वेगळी आहे. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा आणि हृदयाकडे जाणाऱ्या नसा एकाच सिम्पथेटिक संस्थेच्या, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेच्या. तरी हृदयाकडची नस टोकाला नॉरॲड्रेनलिन हे रसायन सोडते आणि घामग्रंथीकडची ॲसिटिलकोलिन हे वेगळंच रसायन. तपशील बारीक आहे, परिणाम मोठा. मधुमेहाबरोबर रक्तदाब असलेल्या अनेकांना मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असते. ही गोळी ॲड्रेनलिनची कुलपं बंद करते, त्यामुळे धडधड आणि थरथर दबू शकते. ॲसिटिलकोलिनचं कुलूप वेगळं असल्याने घाम मात्र येतोच. म्हणून अशा घरात घाम ही सगळ्यांत भरवशाची खूण.

पण ठाण्याच्या दमट हवेत घाम कुणाला येत नाही? फरक हाताला कळतो. उकाड्याच्या घामात कातडी गरम आणि लालसर असते. शुगर लो झाल्याचा घाम पंख्याखाली बसूनही येतो, आणि त्याखालची कातडी गार, फिकट, चिकट लागते. मुलाला उलटा हात मानेवर लावून बघायला शिकवा.

साखर ५०-५५ पर्यंत उतरली की मेंदूच उपाशी पडू लागतो. बोलणं अडखळतं, तोच प्रश्न पुन्हा येतो, किल्ली कुलपात जात नाही, आणि राग येतो. "मला काही झालेलं नाही, जा, अभ्यास कर!" हे वाक्य त्या वेळी लक्षण म्हणून ऐकायचं, कारण निर्णय घेणारा अवयवच उपाशी आहे. म्हणून आईने किंवा बाबांनी चांगल्या स्थितीत असताना स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावं: "मी नको म्हटलं, चिडले, तरी तू दे. नंतर मी रागावणार नाही." वारंवार लो होणाऱ्यांच्या पहिल्या घंटा हळूहळू मुक्या होतात. त्यांच्या घरात मुलाला घाम दिसण्याआधी हा विचित्रपणाच दिसेल.

घामाने भिजून असंबद्ध बोलणाऱ्या बाईच्या अंगात आलंय किंवा तिला दृष्ट लागलीय असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. मीठ-मोहरी ओवाळण्यात आणि कांदा हुंगवण्यात गेलेली दहा मिनिटं त्या उपाशी मेंदूला परत मिळत नाहीत.

द्यायचं काय? १५ ग्रॅम साधी, फ्लेवर नसलेली ग्लुकोज पावडर, अर्धा ग्लास पाण्यात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून १५ ग्रॅमच्या तीन-चार छोट्या लाल डब्या भरून ठेवा, म्हणजे मुलाला चमचे मोजावे लागणार नाहीत. ग्लुकोज नसेल तर साखरेचे चार सपाट चहाचे चमचे. पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर ग्लुकोजच हवं. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ती जोडी आतड्यात तोडणारं विकर (एन्झाइम) या गोळ्या रोखून धरतात, म्हणून साखर खाऊनही आकडा लवकर हलत नाही. पेढा आणि चॉकलेट इथे कामाचे नाहीत. त्यांतल्या स्निग्धतेमुळे जठर उशिरा रिकामं होतं आणि साखर आतड्यात उशिरा पोचते. मधुमेह्याच्या घरातला आणखी एक सापळा म्हणजे शुगर-फ्रीची पुडी आणि डाएट कोला. चव गोड, साखर शून्य. मुलाला त्या वस्तू दाखवून "या नाहीत" असं स्पष्ट सांगा.

ग्लुकोजचं पाणी पाजलं की फोनवर १५ मिनिटांचा टायमर. आकडा लगेच वाढत नाही, आणि घाबरलेलं मूल ग्लासावर ग्लास पाजत सुटतं. १५ मिनिटांनी तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी डबी. तपासण्याआधी बोट पाण्याने धुवून कोरडं करायचं, कारण बोटाला ग्लुकोजचा कण चिकटलेला असला तर ग्लुकोमीटर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. ग्लुकोमीटर सापडत नसेल तर शोधत बसू नये, आधी पाजावं. जेवणाला तासाहून जास्त वेळ असेल तर नंतर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट द्यावं. गोळीमुळे लो झालं असेल तर काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरं वाटलं तरी मोठ्या माणसाला आणि डॉक्टरांना कळवायचं.

बेशुद्ध माणसाच्या किंवा फिट (आकडी) आलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. गिळण्याची क्रिया थांबलेली असते आणि पाणी फुफ्फुसात जातं. फिट आली असताना हात-पाय दाबून धरू नयेत. कुशीवर वळवावं, १०८ लावावा, फोन स्पीकरवर ठेवावा. इन्सुलिनच्या पेनाला मुलाने हात लावायचा नाही. नवी मुंबईत पत्ता सांगताना एक चूक हमखास होते. सेक्टर ८ वाशीतही आहे, नेरूळमध्येही आणि ऐरोलीतही. नुसता सेक्टर आणि सोसायटीचं नाव पुरत नाही; आधी वाशी की नेरूळ ते सांगायचं, मग सेक्टर, प्लॉट, विंग. हा पत्ता दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवा. सेफ्टी डोअरची कडी मुलाच्या हाताला पोचते का तेही बघा. फोनला लॉक असला तरी आपत्कालीन कॉल लागतो, हे त्याला करून दाखवा.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढंच पुरे: लाल डबी आणून द्यायची आणि शेजारच्या काकूंना हाक मारायची. टायमर, ग्लुकोमीटर, फोन हे आठ-नऊ वर्षांपुढे. महिन्यातून एकदा रविवारी खरी डबी, खरा ग्लास, खरं घड्याळ घेऊन सराव करा, आणि त्याच दिवशी डब्या उघडून बघा. पावसाळ्यात आपल्याकडे ग्लुकोजचा दगड होतो. तो फोडायचं काम मुलावर येऊ नये.